एक कोठार, अनेक हात

नववीच्या वार्षिक निकालाचे पत्रक आमच्यापुढे सहीसाठी आले, त्या दिवशीची ही गोष्ट आहे. पत्रकातील संस्कृतचा रकाना कोरा होता. बेचाळीस विद्यार्थ्यांची नावे, त्यांच्यापुढे हिंदी, गणित, विज्ञान यांचे गुण अगदी व्यवस्थित, आणि संस्कृतच्या जागी वरपासून खालपर्यंत नुसता पांढरा पट्टा. निकाल जाहीर करावयास दोनच दिवस उरले होते. आम्ही संस्कृतच्या बाईंना बोलावणे पाठविले. त्या आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "सर, मी गुण भरले आहेत. काल दुपारी, इथेच कार्यालयातल्या संगणकावर बसून." आम्ही पत्रक त्यांच्यापुढे सरकविले. त्यांनी ते पाहिले, चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि तेच वाक्य पुन्हा उच्चारले.

सरकारी शाळांत उभा जन्म घालविलेल्या माणसाच्या मनात अशा वेळी जो विचार येतो, तोच आमच्याही मनात आला. बाईंच्या निवृत्तीला काही महिनेच राहिले होते. संगणकाशी त्यांचे फारसे सख्य नव्हते. काम राहून गेले असेल आणि आता ते कबूल करणे जड जात असेल, असे आम्ही गृहीत धरले आणि त्यांच्याकडून लेखी खुलासा मागविला. बाईंनी तीनच ओळी लिहून दिल्या. त्यांतील शेवटची ओळ होती, "मी खोटे बोलत नाही."

बाई खोटे बोलत नव्हत्या. ते आम्हांस दुसऱ्या दिवशी कळले. कसे कळले, आणि त्यातून एका मोठ्या विषयाचे दार कसे उघडले, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या शाळेत एका माजी विद्यार्थ्याने भेट दिलेली एक लहानशी पेटी आहे. तिच्या पोटात दोन डिस्क आहेत आणि शाळेतील सर्व संगणक तारांनी तिला जोडलेले आहेत. कोणत्याही संगणकावर बसा, त्या पेटीतील कागद तुम्हांस दिसतात. जणू प्रत्येक खोलीतून एकाच कपाटाला दार काढले आहे. निकालपत्रकाची फाइल याच पेटीत होती. गणिताच्या शिक्षकांनी आदल्या दिवशी संध्याकाळी तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली आणि घरी बसून, रात्र जागून, आपले गुण भरले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता बाईंनी पेटीतील मूळ फाइल उघडून संस्कृतचे गुण भरले आणि ती जतन केली. चार वाजता गणिताचे शिक्षक आपली प्रत परत ठेवावयास आले. संगणकाने विचारले, "या नावाची फाइल येथे आहे; तिच्या जागी ही ठेवू काय?" त्यांनी होकार दिला. त्यांच्या प्रतीत संस्कृतचा रकाना अर्थातच कोरा होता. पेटीने निमूटपणे जुनी फाइल पुसली आणि नवी ठेवली. बाईंची दुपार त्या एका होकारात बुडाली.

आमच्या संगणकाच्या तरुण शिक्षकांनी याचा छडा लावला. ती पेटी दर काही तासांनी स्वतःतील मजकुराची एक नक्कल बाजूला ठेवीत असते. दुपारी तीनची नक्कल त्यांनी उघडली, आणि बेचाळीसच्या बेचाळीस गुण जागच्या जागी सापडले. येथे खोटे कोणीच बोलले नव्हते आणि आळसही कोणी केला नव्हता. दोन प्रामाणिक, कामसू माणसांनी एकाच कोठारात हात घातला होता, आणि कोणाचा हात केव्हा आत असावा याचा नियम कोणीच केला नव्हता. एवढेच घडले होते.

संगणकाच्या शास्त्रात या अपघातास 'हरवलेली नोंद' अशा अर्थाचे नाव आहे. त्याचे मूळ असे की, पाहणे आणि लिहिणे या दोन कृतींमध्ये काळाची एक फट असते. आपण एक स्थिती पाहतो, मनाशी काही ठरवतो आणि मग लिहितो. तेवढ्या अवधीत दुसऱ्याने ती स्थिती बदललेली असली, तर आपले लिहिणे जुन्या पाहण्यावर आधारलेले असते आणि म्हणून चुकीचे असते. ही फट कशी बुजवावी, हाच सामायिक साठवणुकीचा सारा प्रश्न आहे.

आम्हां ग्वाल्हेरकरांस हा प्रश्न नवा नाही. आपण तो रेल्वेच्या खिडकीपाशी पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला आहे. लष्करात राहणाऱ्या मराठी कुटुंबाचे वर्षातून एकदा तरी मुंबई-पुण्याकडे जाणे असतेच. लग्न, मुंज, गणपती, नाहीतर दिवाळी, काही ना काही निमित्त निघते. पंजाब मेल किंवा झेलम एक्सप्रेस ही आपली माहेरवाट. संगणक येण्यापूर्वी प्रत्येक गाडीच्या जागांची नोंद एका कार्यालयातील वहीत होत असे. ज्या कारकुनाच्या हाती ती वही, तोच जागा देणार. ग्वाल्हेरच्या कारकुनास मुंबईची वही दिसणे शक्य नव्हते. मग वाटेवरील प्रमुख स्थानकांना काही ठरावीक जागा आधीच तोडून देत, त्यास कोटा म्हणत. परतीच्या प्रवासाची जागा हवी असेल तर तार पाठवावी लागे आणि उत्तराची वाट पाहत बसावे लागे.

कोटा म्हणजे एक कोठार तोडून त्याची लहान लहान कोठारे करणे. भांडण टाळण्याचा हा सर्वांत जुना उपाय. भावाभावांनी वाड्यात भिंत घालावी तसा. त्याचा गुण असा की कोणी कोणास विचारावे लागत नाही. दोष असा की एका स्थानकाचा कोटा रिकामा पडून असताना दुसऱ्या स्थानकावरील माणूस प्रतीक्षायादीत तिष्ठत राहतो. जागा असते, पण ती भिंतीपलीकडे असते.

भिंत पाडावयाची तर सर्वांस एकच वही दिसली पाहिजे, आणि तरीही एक जागा दोघांस जाता कामा नये. हे दोन्ही साधण्यासाठी संगणक हवा होता. नवी दिल्लीत संगणकीय आरक्षणास १९८५-८६ साली प्रारंभ झाला, मग मुंबई, कलकत्ता, मद्रास येथे तशी केंद्रे झाली, आणि १९९९ साली दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई व सिकंदराबाद ही पाच केंद्रे एकमेकांस जोडली जाऊन कोणत्याही खिडकीवरून कोठलीही जागा मागता येऊ लागली. आता कल्पना करा. सकाळचे आठ वाजले आहेत. साठ दिवसांनंतरच्या गाडीचे आरक्षण या क्षणी उघडते. ग्वाल्हेरात एक काका आणि मुंबईत त्यांचा अनोळखी सहप्रवासी, दोघेही तेविसाव्या क्रमांकाची खालची जागा मागतात. दोघांच्याही वतीने संगणक वहीत डोकावतो, दोघांनाही ती जागा रिकामी दिसते, आणि दोघांचीही नावे तेथे लिहिली जातात. गाडी भुसावळला पोहोचेपर्यंत त्या बाकावर काय रामायण घडेल ते सांगावयास नको.

असे घडत नाही, याचे कारण कुलूप. हे कुलूप लोखंडाचे नसून नोंदीचे असते. जागा पाहण्यापूर्वीच संगणक म्हणतो, 'ही नोंद मी धरली.' तो सोडीपर्यंत दुसऱ्यास थांबावे लागते. पाहणे, ठरविणे आणि लिहिणे या तीन कृती मिळून एकच अखंड कृती होते. मधली फट बुजते. दुसऱ्याचे थांबणे डोळ्याचे पाते लवण्याहूनही अल्प असते, म्हणून आपणास जाणवत नाही.

या कल्पनेचे रेल्वेशी आणखीही एक नाते आहे. डच संगणकशास्त्रज्ञ एड्सखर डाइक्स्ट्रा यांनी १९६५ साली या प्रश्नाची शास्त्रशुद्ध मांडणी केली. एकाच साधनावर अनेकांनी काम करावयाचे असता एका वेळी एकच आत कसा राहील, हा तो प्रश्न. त्यासाठी त्यांनी योजिलेल्या एका साधनास 'सेमाफोर' असे नाव आहे. सेमाफोर म्हणजे रेल्वेचा हात वरखाली करणारा जुना सिग्नल. एकेरी मार्गावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून आगगाडीवाल्यांनी ज्या युक्त्या काढल्या, त्याच पुढे संगणकवाल्यांच्या कामी आल्या.

ग्वाल्हेर ते श्योपूर ही दोन फुटी रुळांची गाडी २०२० साली बंद झाली. तिच्यात बसलेल्यांस एकेरी मार्ग म्हणजे काय ते सांगावे लागणार नाही. देशभरच्या एकेरी मार्गांवर गोळ्याची पद्धत दीर्घकाळ चालत आली. दोन स्थानकांत दोन यंत्रे, विजेच्या तारेने जोडलेली. त्यांत धातूचे गोळे. एका यंत्रातून एक गोळा बाहेर काढला की तो कोणत्या तरी एका यंत्रात परत पडेपर्यंत दोहोंतूनही दुसरा गोळा निघत नाही. तो गोळा चामडी पिशवीत घालून, तिला वेताचे कडे लावून, चालकाच्या हाती देत. ज्याच्यापाशी गोळा त्याचाच मार्ग. दोन्ही चालक कितीही सज्जन असोत, त्यांच्या सज्जनपणावर कोणी विसंबत नसे. गोळा नाही तर गाडी नाही.

रेल्वेच्या आरक्षणाचा गाभा ज्या संगणकांवर उभा राहिला, ते डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचे व्हॅक्स आणि पुढे अल्फा जातीचे संगणक होते. या कंपनीने १९८३ साली 'व्हॅक्स क्लस्टर' नावाची रचना बाजारात आणली. क्लस्टर म्हणजे घोस. अनेक संगणक एकाच डिस्कसमूहास जोडावयाचे, आणि एखादा बंद पडला तरी उरलेल्यांनी तीच साठवण वापरीत काम पुढे न्यावयाचे, अशी ही योजना. येथे साठवणुकीपाशी कोणी एक कारकून बसलेला नाही. प्रत्येक संगणक थेट डिस्कवर लिहू शकतो. मग परवानगी कोण देणार? त्यासाठी या रचनेत कुलुपांचा एक व्यवस्थापक होता आणि तो कोणा एका संगणकावर न राहता सर्वांत वाटून राहत असे. एखाद्या वस्तूच्या कुलुपाचा हिशेब एक संगणक ठेवी, दुसऱ्या वस्तूचा दुसरा. हिशेबनीस बंद पडला तर उरलेले मिळून तो हिशेब पुन्हा मांडीत.

या व्यवस्थेत कुलुपाचे सहा प्रकार होते. त्या साऱ्यांचे वर्णन येथे नको. तत्त्व मात्र घरगुती आहे. वाचनालयाच्या टेबलावरील वर्तमानपत्र चौघे वाकून एकदम वाचू शकतात. त्यांनी एकमेकांस अडविण्याचे कारण नाही. पण कोणी कात्री घेऊन बातमी कापावयास निघाला तर बाकीच्यांस दूर व्हावेच लागते. वाचणारे अनेक चालतील, लिहिणारा एकटाच हवा, आणि तो लिहीत असता वाचणाराही नको. नाहीतर अर्धवट लिहिलेले वाचले जाईल. प्रत्येकास सदैव पूर्ण कुलूप दिले तर काम सुरक्षित होईल, पण सारी शाळा एका दाराशी रांगेत उभी राहील. म्हणून जेवढी गरज तेवढेच बंधन.

येथवर सारे सोपे आहे. खरी कठीण गोष्ट पुढे येते. कुलूप लावून आत गेलेला माणूस बाहेर आलाच नाही तर?

या प्रश्नावर ग्वाल्हेरइतके समर्पक उदाहरण दुसऱ्या शहरात क्वचित सापडेल. किल्ल्यावरील गंगाजळीची कथा आपल्या घरोघरी सांगितली जाते. शिंदे सरकारांचा हा अडीनडीचा खजिना तळघरांत बंद असे, आणि त्याचे बीजक, म्हणजे ठावठिकाण्याचे गुप्त संकेत, एका महाराजांनी पुढच्या महाराजांस सांगावयाचे, अशी रीत. जयाजीराव महाराज १८८६ साली निवर्तले तेव्हा माधवराव महाराजांस दहावे वर्षही पुरे झाले नव्हते. बीजक सांगावयाचे राहून गेले, आणि कोठार असून नसल्यासारखे झाले, असे सांगतात. राजमाता विजयाराजे शिंदे यांच्या आत्मचरित्रातही ही कथा आली आहे. पुढे त्यातील काही भाग योगायोगाने हाती लागला म्हणतात. त्या द्रव्याचे काय झाले हा आमचा विषय नव्हे. आम्हांस तीत दिसते ते एवढेच की, किल्ली एकाच हाती ठेवली तर चोरीचे भय कमी होते, पण तो हातच गेला तर मालकालाही दार बंद होते.

संगणकांचेही तसेच. एका संगणकाने नोंद धरली आणि तेवढ्यात वीज गेली. आता ती नोंद कोणी सोडवावी? वाट तरी किती पाहावी? कॅरी ग्रे आणि डेव्हिड चेरिटन या दोघा संशोधकांनी १९८९ साली यावर जो तोडगा मांडला त्यास 'लीज' म्हणतात. आपल्या भाषेत भाडेपट्टा. कुलूप कायमचे द्यावयाचे नाही; काही सेकंदांच्या पट्ट्याने द्यावयाचे. धारकास अधिक वेळ हवा असेल तर त्याने मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण मागावे. तो मरून पडला असेल तर मागणार नाही, मुदत आपोआप संपेल आणि कोठार खुले होईल. त्यासाठी त्याच्या मृत्यूचा दाखला आणावा लागत नाही. बीजकास मुदत असती, आणि मुदत सरताच ते दुसऱ्या कोणा विश्वासू हाती जाण्याची सोय असती, तर गंगाजळीची कथाच निर्माण झाली नसती.

परंतु पट्ट्यातही एक मेख आहे. धारक मेलेला नसून केवळ ग्लानीत असेल तर? त्याची मुदत संपली, दुसऱ्यास कुलूप मिळाले, त्याने लिहावयास आरंभ केला, आणि पहिला डोळे चोळीत उठून आपले अर्धे राहिलेले वाक्य पुरे करू लागला! त्यास आपली मुदत संपल्याचे ठाऊकच नाही. आमचे गणिताचे शिक्षक नेमके असेच आले होते. आदल्या दिवशीची स्थिती मनात धरून ते आजच्या कोठारात शिरले. येथे धारकाच्या समजुतीवर विसंबून चालत नाही. राखण कोठारानेच केली पाहिजे. म्हणून प्रत्येक कुलपाबरोबर एक चढता क्रमांक देतात. सातवा क्रमांक घेऊन गेलेला धारक उशिरा परतला आणि तोवर आठव्याने लिहिले असेल, तर साठवणयंत्र सातव्याचे लिखाण स्वीकारीतच नाही. मोठ्या संस्थांतील डिस्कना तर, अमुक संगणकाचे यापुढे काही ऐकू नये, असे स्पष्ट बजावून ठेवता येते. यास कुंपण घालणे म्हणतात.

दुसरी मेख याहून विचित्र. घोसातील संगणकांना जोडणारी तारच मधोमध तुटली तर? अलीकडच्यांस वाटते पलीकडचे मेले, पलीकडच्यांस वाटते अलीकडचे मेले. दोन्ही गट स्वतःस वारस समजून त्याच डिस्कवर लिहू लागतात आणि साऱ्या नोंदींचा चिखल होतो. यावरचा उपाय आपल्या मंडळांच्या घटनेतच आहे: गणपूर्ती. वार्षिक सभेस ठरावीक संख्येने सभासद हजर नसतील तर ठराव होत नाही. व्हॅक्स क्लस्टरमध्ये प्रत्येक संगणकास मते दिलेली असत. ज्या गटापाशी निम्म्याहून अधिक मते, तोच काम चालू ठेवी. दुसरा गट आपण होऊन थांबे. निम्म्याहून अधिक मते एकाच वेळी दोन गटांपाशी असू शकत नाहीत, एवढ्या साध्या अंकगणितावर तो डोलारा उभा होता. आपणापाशी बहुमत नाही हे ओळखून मुकाट थांबणे माणसांच्या संस्थांस किती अवघड जाते, ते वाचकांस ठाऊक आहेच.

तिसरा पेच सौजन्याचा. एकाने जाण्याची जागा धरून ठेवली आहे आणि तो परतीच्या जागेची वाट पाहतो. दुसऱ्याने परतीची धरली आहे आणि तो जाण्याच्या जागेची वाट पाहतो. दोघेही हातचे सोडीत नाहीत, दोघेही रांगेचा नियम मोडीत नाहीत, आणि दोघेही कल्पान्तापर्यंत उभे राहू शकतात. यावर दोन उपाय. एक, सर्वांनी वस्तू ठरलेल्या क्रमानेच मागाव्यात. आधी जाण्याची, मगच परतीची. म्हणजे असे वर्तुळ पडतच नाही. दुसरा, व्यवस्थापकाने वर्तुळ हेरून त्यांतील एकास 'तू हातचे सोड आणि पुन्हा रांगेत ये' असे सांगावे. व्हॅक्सचा व्यवस्थापक हेच करी. एकावर थोडा अन्याय होतो खरा, पण गाडा सुटतो.

वाचकहो, हे सारे मोठ्या यंत्रांचे झाले. आपल्या घरांत त्याचे काय, असे कोणी विचारील. त्यांस आम्ही कुलवृत्तांताची आठवण देऊ. महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांत हल्ली हे काम मोठ्या उत्साहाने चालले आहे. एक भाऊ इंदूरला, दुसरा बडोद्यास, पुतणी पुण्यात, भाचा परदेशी. वंशावळीची एकच फाइल सर्वांकडे फिरते. जो तो आपल्या शाखेची भर घालतो आणि पुढे पाठवितो. सहा महिन्यांनी पाहावे तो फाइलच्या पाच प्रती झालेल्या असतात आणि प्रत्येकीत कोणी ना कोणी वगळलेला असतो. थोरल्या आत्याबाईंनी आठवणीतून सांगितलेली पणजीच्या माहेरची नावे अशा एखाद्या होकारात पुसली गेली आणि आत्याबाई तोवर राहिल्या नाहीत, तर ती नावे कोणत्या नकलेतून काढणार?

म्हणून आम्ही शाळेपुरते जे नियम केले तेच येथे सांगतो. मूळ फाइल एकाच ठिकाणी ठेवावी, आणि तिच्या प्रती हातोहात फिरवू नयेत. शक्य असेल तेथे, अनेकांनी एकाच पानावर लिहिले तरी व्यवस्थाच मेळ घालील, अशी सोय वापरावी. ती नसेल तर पाळी लावावी. या आठवड्यात इंदूर, पुढच्या आठवड्यात बडोदे. पाळीला मुदत असावी, नाहीतर एखादा भाऊ ती फाइल वर्षभर दाबून बसेल. फाइलच्या नावात क्रमांक असावा, आणि परत ठेवताना आपण कोणत्या क्रमांकावरून निघालो होतो ते पाहावे. मधल्या काळात क्रमांक पुढे गेला असेल तर आपली प्रत वर न ठेवता दोन्ही शेजारी ठेवून जुळवाव्यात. आणि दर काही दिवसांची एक नक्कल निराळी ठेवावी. आम्हांस त्या नकलेनेच तारले.

यांतील शेवटून दुसरा नियम आमच्या संगणकाच्या शिक्षकांनी मुद्दाम घालावयास लावला. "सर, पेटीत कुलुपाची सोय होतीच," ते म्हणाले. "फाइल पेटीतल्या पेटीत उघडली असती तर दुसऱ्यास 'कोणीतरी वापरीत आहे' अशी सूचना आली असती. पण जो प्रत काढून घरी नेतो त्यास दारावरचे कुलूप दिसणार कसे?" ते खरे आहे. ज्या नियमास बगल देता येते तो नियम नसल्यातच जमा. बाजूची वाट उघडी असली तर गोळ्याच्या यंत्राचाही काही उपयोग नाही.

आता राहिली बाईंची गोष्ट. निकाल ठरल्या दिवशी लागला. मुलांस काही कळलेही नाही. पण त्या तीन ओळींचा कागद फाइलीत होता, आणि सरकारी फाइलीतून कागद काढून टाकण्याचा अधिकार आम्हांस नाही. आम्ही त्याच कागदाखाली शेरा लिहिला, 'खुलासा पूर्णतः सत्य असल्याचे आढळले. दोष व्यवस्थेचा असून व्यवस्था लावण्याची जबाबदारी मुख्याध्यापकाची होती.' खाली सही केली आणि तारीख घातली. मग शिक्षककक्षात जाऊन, ज्यांच्यादेखत खुलासा मागितला होता त्यांच्याचदेखत, आम्ही बाईंची क्षमा मागितली. गणिताचे शिक्षकही उठून उभे राहिले. ते बिचारे दोन दिवस नीट जेवलेही नसावेत.

बाई उत्तरपत्रिकांचा गठ्ठा बांधीत होत्या. सुतळीची गाठ पक्की करून त्या म्हणाल्या, "मुलांचे गुण सापडले ना, सर? मग झाले."

त्या आता निवृत्त झाल्या आहेत. त्या पेटीजवळच्या भिंतीवर एक वही टांगलेली आहे. निकालाच्या दिवसांत फाइल कोणी, किती वाजता घेतली आणि केव्हा सोडली, हे तीत लिहावे लागते. संगणकाच्या खोलीत कागदाची वही पाहून पाहुणे हसतात. त्या वहीच्या पहिल्या पानावर पहिली नोंद संस्कृतच्या बाईंच्या हातची आहे, आणि 'सोडल्याची वेळ' हा रकानाही त्यांनी भरलेला आहे.